कंटेनर-समूहांचे नियमन : ‘अपेक्षित स्थिती’ची कल्पना आणि मुंबईचा अनुभव

१. विषयप्रवेश

एखाद्या संगणक-सेवेचा भार एका यंत्रास पेलेनासा झाला म्हणजे ती सेवा अनेक यंत्रांवर विभागावी लागते. यंत्रे वाढली की त्यांच्याबरोबर प्रश्नही वाढतात. कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञावली चालावी, तिच्या किती प्रती असाव्यात, त्यांपैकी एखादी बंद पडल्यास तिची जागा कोणी घ्यावी, आणि नवी आवृत्ती आणताना चालू सेवेत खंड पडू नये म्हणून काय करावे, हे ते प्रश्न होत. पूर्वी यंत्रांची देखभाल करणारी माणसे ही कामे रात्री-अपरात्री जागून हाताने करीत. गेल्या दहा-बारा वर्षांत ती यंत्रसमूहाचे नियमन करणाऱ्या एका स्वतंत्र व्यवस्थेकडे सोपविण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा व्यवस्थांपैकी ‘कुबरनेटिस’ ही आज सर्वाधिक प्रचारात आहे. गूगल कंपनीने ती जून २०१४ मध्ये जाहीर केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ ‘सुकाणू धरणारा’ असा आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात अशा माणसास तांडेल म्हणतात.

या व्यवस्थेविषयी दोन टोकांचे समज आढळतात. एका समजानुसार ती एकदा बसविली की सेवा आपोआप अखंड चालते. दुसऱ्यानुसार ती केवळ अनावश्यक गुंतागुंत होय. वस्तुस्थिती या दोहोंहून निराळी आहे. ही व्यवस्था लिहून दिलेली स्थिती अत्यंत निष्ठेने टिकविते. परंतु लिहिलेली स्थिती योग्य आहे किंवा नाही, याचा निर्णय ती करीत नाही. तो निर्णय लिहिणाऱ्याच्या भारविषयक व स्थलविषयक ज्ञानावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेच्या मूलभूत घटकांचे विवेचन करून मुंबई व तिची उपनगरे यांच्या अनुभवातील तीन प्रसंगांच्या आधारे तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण सर्वत्र घेतले आहे. घाटकोपर येथील एका महाविद्यालयाची ‘निकालसेवा’ आहे असे मानावे. विद्यार्थ्याने आपला आसनक्रमांक दिला की ती त्यास गुणपत्रक दाखविते. वर्षातील बहुतेक दिवस तिच्याकडे कोणी फिरकत नाही. निकालाच्या दिवशी मात्र सर्वजण एकाच वेळी येतात.

२. कंटेनर आणि पॉड

कंटेनर म्हणजे एक लहान यंत्र, असे वर्णन पुष्कळदा केले जाते. ते काटेकोर नाही. कंटेनर ही वस्तुतः यजमान यंत्रावर चालणारी एक साधी प्रक्रिया असते. फक्त तिच्याभोवती दोन प्रकारची कुंपणे घातलेली असतात. लिनक्सच्या गाभ्यातील ‘नेमस्पेस’ या सुविधेमुळे तिला इतर प्रक्रिया, इतरांच्या फाइली आणि इतरांचे जाळे दिसत नाही. ‘सीग्रुप’ या सुविधेमुळे तिने किती प्रक्रियाशक्ती व किती स्मृती वापरावी, यावर मर्यादा पडते. सीग्रुपचा समावेश लिनक्सच्या गाभ्यात २००८ च्या प्रारंभी झाला. या सुविधा हाताळण्यास सोप्या करून कंटेनरची घडण व वाहतूक सर्वांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय २०१३ मध्ये पुढे आलेल्या ‘डॉकर’ या साधनाकडे जाते. कंटेनरला स्वतःचा गाभा नसल्यामुळे तो काही क्षणांत सुरू होतो. परंतु त्याच कारणाने एका यंत्रावरील सर्व कंटेनरांचे दैव त्या यंत्राच्या गाभ्याशी बांधलेले असते.

कुबरनेटिसमध्ये नियमनाचा लघुतम घटक मात्र एकेकटा कंटेनर नसून ‘पॉड’ हा होय. पॉड म्हणजे शेंग. एका शेंगेत जसे अनेक दाणे, तसे एका पॉडमध्ये एक वा अधिक कंटेनर राहतात. त्या सर्वांना मिळून जाळ्यावरचा एकच पत्ता असतो. ते परस्परांशी यंत्रांतर्गत मार्गाने बोलतात आणि ठरवून दिलेली साठवण वाटून घेतात. ते एकाच यंत्रावर ठेविले जातात, आणि त्या यंत्राचा आधार सुटला की सारे एकदमच जातात.

यावरून कोणते कंटेनर एका पॉडमध्ये घालावेत, याची कसोटी निघते. जे एकत्र वाढावयास आणि एकत्र मरावयास हवेत, तेच एकत्र ठेवावेत. निकालसेवेचा मुख्य कंटेनर आणि त्याच्या नोंदी गोळा करून पुढे पाठविणारा साहाय्यक कंटेनर यांची जोडी योग्य आहे. मुख्य कंटेनरच्या दहा प्रती झाल्या तर साहाय्यकाच्याही दहा हव्यातच. याउलट गुणांचा विदासंग्रह त्याच पॉडमध्ये ठेवणे चूक ठरते. सेवेच्या दहा प्रती करताच विदासंग्रहाच्याही दहा प्रती होतील, आणि कोणत्या प्रतीतील गुण खरे, हा प्रश्न उभा राहील. नवशिक्यांच्या मांडणीत ही चूक वारंवार दृष्टीस पडते.

३. अपेक्षित स्थिती आणि नियंत्रक

पारंपरिक पद्धतीत यंत्रास आज्ञा दिली जाते : ‘हे सुरू कर’, ‘ते बंद कर’. कुबरनेटिसमध्ये आज्ञेऐवजी स्थितीचे वर्णन दिले जाते : ‘निकालसेवेचे चार पॉड असावेत’. हे वर्णन ज्या लेखात असते त्यास विन्यासपत्र म्हणता येईल. व्यवहारात त्यास ‘मॅनिफेस्ट’ म्हणतात. ते व्यवस्थेच्या प्रवेशद्वारातून, म्हणजे तिच्या एपीआय सर्व्हरमार्फत, ‘एट-सी-डी’ या भांडारात नोंदविले जाते. त्यानंतर ‘नियंत्रक’ या नावाच्या आज्ञावल्या अविरत एकच काम करीत राहतात. अपेक्षित स्थिती वाचावयाची, प्रत्यक्ष स्थिती पाहावयाची, आणि दोहोंत अंतर असल्यास ते कमी होईल अशी एक कृती करावयाची, हे ते काम होय. चारपैकी एक पॉड नाहीसा झाला तर नियंत्रक त्यामागचे कारण शोधीत बसत नाही. तीन आणि चार यांतील अंतर पाहून तो एका नव्या पॉडची मागणी नोंदवितो.

या रचनेचे महत्त्व असे की, तिच्यात अपघात आणि हेतुपुरस्सर केलेला बदल यांना एकाच मार्गाने उत्तर मिळते. पॉड बंद पडून संख्या तीन झाली काय किंवा विन्यासपत्रात चाराचे पाच केले काय, नियंत्रकाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एकाची उणीवच असते.

पॉड हा नश्वर मानला असल्यामुळे तो सहसा थेट निर्माण करीत नाहीत. ‘डिप्लॉयमेंट’ हा घटक आवृत्तींचा क्रम सांभाळतो आणि प्रत्येक आवृत्तीसाठी ‘रेप्लिका-सेट’ नावाचा घटक निर्माण करतो. हा दुसरा घटक पॉडांची संख्या राखतो. ज्या पॉडांना कायम ओळख व स्वतःची साठवण लागते त्यांच्यासाठी ‘स्टेटफुल-सेट’, प्रत्येक यंत्रावर एकेक प्रत हवी असल्यास ‘डीमन-सेट’, आणि एकदा पूर्ण होऊन संपणाऱ्या कामासाठी ‘जॉब’ अशी योजना आहे. निकालसेवेस डिप्लॉयमेंट, तिच्या विदासंग्रहास स्टेटफुल-सेट, आणि गुणपत्रके एकदाच तयार करून ठेवणाऱ्या कामास जॉब, अशी विभागणी स्वाभाविक ठरेल.

पॉड येतात आणि जातात, त्यांचे पत्तेही बदलतात. मग ग्राहकाने सेवेशी संपर्क कसा साधावा? यासाठी पॉडांना ‘लेबल’ म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या लावतात, आणि ‘सर्व्हिस’ हा घटक ती खूण असलेल्या व तयार असलेल्या पॉडांकडे मागण्या वाटून देतो. अंधेरी स्थानकावर उभा असलेला प्रवासी बोरिवलीच्या जलद गाडीची वाट पाहतो. त्या फेरीला कारशेडमधून कोणता रेक आला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सर्व्हिसचे कार्य याच स्वरूपाचे आहे. मात्र लेबल चुकले तर कोणतीही त्रुटी न दर्शविता सर्व्हिस रिकामी राहते. म्हणून सेवा लागत नसल्यास प्रथम लेबल तपासावे, असा व्यवहारातील नियम आहे.

४. विन्यासपत्रातील निर्णय

विन्यासपत्राचा बराचसा भाग साचेबंद असतो. खरा निर्णय मोजक्या ओळींत असतो, आणि त्या ओळी बहुधा दुसऱ्याच्या विन्यासपत्रावरून उतरविल्या जातात. त्यांपैकी दोन गोष्टींचा विचार येथे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट साधनसामग्रीची. प्रत्येक कंटेनरसाठी ‘मागणी’ आणि ‘मर्यादा’ असे दोन आकडे देता येतात. पॉड कोणत्या यंत्रावर ठेवावयाचा हे ठरविणारा ‘शेड्यूलर’ केवळ मागणीचा आकडा पाहतो; प्रत्यक्ष वापर पाहत नाही. समजा, एका यंत्रात ४ प्रक्रियागाभे आहेत आणि प्रत्येक पॉडची मागणी अर्ध्या गाभ्याची आहे. हिशेबाने तेथे ८ पॉड बसावेत. परंतु यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी काही भाग राखलेला असल्याने ७ च बसतात. आठवा पॉड, ते यंत्र प्रत्यक्षात जवळजवळ मोकळे असले तरी, प्रतीक्षेत राहतो. मागणी फुगवून लिहिली तर यंत्रे रिकामी पडून राहतात आणि त्यांचे भाडे मात्र चालू राहते. ती फार कमी लिहिली तर एकाच यंत्रावर दाटी होते आणि गर्दीच्या वेळी सर्वांचीच गती मंदावते.

मर्यादा ओलांडण्याचे परिणाम दोन साधनांच्या बाबतीत भिन्न आहेत. प्रक्रियाशक्तीची मर्यादा गाठली तर कंटेनर मंद होतो, पण जिवंत राहतो. स्मृतीची मर्यादा ओलांडली तर लिनक्सचा गाभा त्यातील प्रक्रिया ठार करतो. म्हणून स्मृतीचा आकडा अंदाजाने न लिहिता भाराखाली मोजून लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट प्रकृतीच्या तपासणीची. ‘सज्जता-तपासणी’ विचारते : हा पॉड आता मागण्या घेण्यास तयार आहे काय? उत्तर नकारार्थी आल्यास पॉड जिवंत ठेवून त्याच्याकडील मागण्या थांबविल्या जातात. ‘जीवन-तपासणी’ विचारते : हा कंटेनर जिवंत आहे काय? तिचे उत्तर लागोपाठ नकारार्थी आल्यास कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यास औषधच विष होते. निकालसेवेच्या जीवन-तपासणीत ‘विदासंग्रहाकडून उत्तर येते काय’ असा प्रश्न ठेविला, आणि निकालाच्या दिवशी विदासंग्रह मंदावला, असे मानावे. सर्वच पॉड मृत ठरतील आणि एकदम पुन्हा सुरू होतील. सुरू होताच सर्वजण त्याच मंदावलेल्या विदासंग्रहाकडे नव्याने जोडणी मागतील. जे मंद होते ते त्यामुळे बंद पडेल. जीवन-तपासणीने कंटेनरच्या स्वतःच्या प्रकृतीपलीकडे काहीही विचारू नये, हा नियम अशा अनुभवातून आला आहे.

५. आवृत्तीतील बदल

नवी आवृत्ती आणताना डिप्लॉयमेंट जुने पॉड एकदम न काढता टप्प्याटप्प्याने बदलतो. बदल चालू असताना ठरलेल्या संख्येहून किती पॉड जास्त असू शकतील आणि किती अनुपलब्ध असू शकतील, हे दोन आकड्यांनी सांगितले जाते; काही न सांगितल्यास प्रत्येकी २५ टक्के धरले जातात. चार पॉडांच्या निकालसेवेत ‘एक जास्त, शून्य अनुपलब्ध’ असे लिहिल्यास आधी पाचवा, नव्या आवृत्तीचा पॉड उभा राहील. तो सज्ज ठरल्यावरच एक जुना जाईल. आणि हे चार वेळा घडेल. येथे सज्जता-तपासणी नसेल तर सारी शिस्त निरर्थक होते. कारण तपासणीच्या अभावी कंटेनर सुरू झाला की तो सज्ज समजला जातो, आणि सदोष आवृत्तीही काही क्षणांत सर्वत्र पसरते.

जुन्या रेप्लिका-सेटांची नोंद राखली जात असल्यामुळे मागील आवृत्तीकडे परतणे सोपे असते. परंतु परत जातात ती पॉडे. विदा परत जात नाही. नव्या आवृत्तीने गुणांच्या तक्त्यातील एखादा रकाना काढून टाकला असेल तर जुनी आवृत्ती परत आणूनही ती चालणार नाही. यास्तव तक्त्यातील बदल जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्तींना मानवेल अशा बेताने करावा लागतो.

६. संख्येचा प्रश्न : १० जुलै २०१९

पॉडांची संख्या भारानुसार बदलण्याचे काम ‘क्षैतिज स्वयंविस्तारक’ करतो. त्याचे सूत्र साधे आहे. चालू संख्येस प्रत्यक्ष वापराने गुणून उद्दिष्ट वापराने भागावे आणि उत्तर वरच्या पूर्णांकापर्यंत न्यावे. चार पॉड आहेत, सरासरी वापर मागणीच्या ९० टक्के आहे, आणि उद्दिष्ट ५० टक्क्यांचे आहे. ४ ला ९० ने गुणून ५० ने भागले असता ७.२ येतात; म्हणून ८ पॉड हवेत. ही आकडेमोड सामान्यतः दर १५ सेकंदांनी होते. संख्या कमी करताना मात्र घाई नको म्हणून सामान्यतः मागील पाच मिनिटांतील सर्वांत मोठी शिफारस पाळली जाते.

सूत्र निर्दोष आहे, पण ते घडून गेलेल्या भारावर चालते. वापर मोजावयास, नवे पॉड मागावयास, त्यांची कंटेनर-प्रतिमा उतरवून घ्यावयास आणि आज्ञावली सज्ज व्हावयास वेळ लागतो. यंत्रेच अपुरी असतील तर नवे यंत्र जोडण्यास आणखी काही मिनिटे जातात. भार त्याहून वेगाने चढला तर स्वयंविस्तारक नेहमीच उशिरा पोहोचतो.

याचे ठळक उदाहरण क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात मिळते. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टर येथे भारत व न्यूझीलंड यांच्यातील विश्वचषकाचा उपांत्य सामना पावसामुळे राखीव दिवशी पुढे सुरू झाला. हॉटस्टार या सेवेवर तो एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या २.५३ कोटींपर्यंत गेली. ती त्या वेळची उच्चांकी संख्या होती. महेंद्रसिंग धोनी धावचीत झाला आणि ही संख्या काही मिनिटांत कोसळली. वरवर पाहता भार कमी झाला, म्हणजे धोका टळला, असे वाटेल. परंतु सामना सोडणारा प्रेक्षक ‘मागे’ची कळ दाबतो आणि सेवेच्या मुखपृष्ठावर येतो. त्यामुळे चित्रप्रवाह पुरविणाऱ्या समूहावरील भार ओसरत असतानाच मुखपृष्ठ व शिफारशी पुरविणाऱ्या समूहांवर, जे तोवर तुलनेने निवांत होते, भाराची लाट येते. त्या काळी या सेवेत वाढविण्याचा घटक प्रामुख्याने संपूर्ण आभासी यंत्र हा होता. परंतु प्रश्नाचे स्वरूप कंटेनर-समूहांनाही तंतोतंत लागू पडते.

या सेवेच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर व्याख्यानांत सांगितलेला उपाय उद्बोधक आहे. मोठ्या सामन्यांसाठी त्यांनी प्रक्रियाशक्तीच्या सरासरीवर चालणाऱ्या स्वयंविस्तारावर विसंबून न राहता, एकाच वेळी पाहणाऱ्यांच्या संख्येनुसार आधीच ठरविलेल्या पायऱ्यांनी क्षमता वाढविली. पुढील पायरीची क्षमता लाट येण्यापूर्वीच सज्ज ठेवली. आणि प्रेक्षक कमी झाले तरी मुखपृष्ठाचे समूह आकसू दिले नाहीत. थोडक्यात, सामना कोणत्या क्षणी काय वळण घेईल याची जाण माणसांनी संख्येत रूपांतरित करून व्यवस्थेस दिली. पुढे ही सेवा कुबरनेटिसवर आली, आणि १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यास एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक लाभले; परंतु पूर्वनियोजनाची गरज त्यामुळे संपली नाही.

निकालसेवेची स्थिती याहून सोपी आहे, कारण निकालाची वेळ आधी ठाऊक असते. पॉडांची किमान संख्या त्या दिवसापुरती आदल्या संध्याकाळी वाढवून ठेवणे पुरेसे होते. पण येथेही एक सापळा आहे. प्रत्येक पॉड विदासंग्रहाशी २० जोडण्या उघडत असेल आणि विदासंग्रह पोस्टग्रेस असेल, तर त्याच्या मूळ मांडणीतील १०० जोडण्यांची मर्यादा पाच पॉडांतच गाठली जाते. सहावा पॉड क्षमता वाढवीत नाही. तो नकार वाढवितो. समूहाची संख्या ठरविताना त्याच्या मागे उभा असलेला सर्वांत अरुंद घटक कोणता, हे आधी पाहावे लागते.

७. स्थानाचा प्रश्न : २६ जुलै २००५ आणि १२ ऑक्टोबर २०२०

संख्येइतकाच महत्त्वाचा, परंतु अधिक दुर्लक्षित असा प्रश्न स्थानाचा आहे. चार पॉड एकाच यंत्रावर असतील तर त्या यंत्राबरोबर चारही जातात. यंत्राकडून खबर येणे थांबल्यावर ते निकामी आहे असे ठरण्यास सुमारे पाऊण मिनिट, आणि त्यावरील पॉड अन्यत्र उभे करण्यास प्रारंभ होण्यापूर्वी सामान्यतः आणखी पाच मिनिटे जातात. म्हणून पॉड यंत्रांवर, आणि शक्य तर निरनिराळ्या विभागांत, विखरून ठेवण्याचा नियम विन्यासपत्रात लिहिता येतो. सहा पॉड व तीन विभाग असल्यास प्रत्येकी दोन बसतील.

पण ‘विभाग’ म्हणजे काय? कुबरनेटिसच्या दृष्टीने विभाग म्हणजे यंत्रावर लावलेली एक चिठ्ठी. तिच्यामागे कोणती भूमी आहे, हे त्यास ठाऊक नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच अवधीत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर झाला. मिठी नदीच्या काठचा कुर्ला-कालिना परिसर पाण्याखाली असताना दक्षिण मुंबईत व्यवहार पुष्कळसे चालू राहू शकत होते. त्या दिवसापुरते बोलावयाचे तर, एक प्रत अंधेरीत व दुसरी कुलाब्यात ठेवणाऱ्याचे विभाजन यशस्वी झाले असते. दोन प्रती अंधेरी आणि कुर्ला येथे ठेवून त्यांस दोन विभाग म्हणणाऱ्याचे विभाजन मात्र केवळ कागदावरचे ठरले असते.

१२ ऑक्टोबर २०२० चा प्रसंग याच्या उलट आहे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा-खारघर भागातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. पाण्याच्या दृष्टीने जे प्रदेश वेगळे होते, ते विजेच्या दृष्टीने एकच निघाले. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. परंतु त्यांना वीज ज्या उच्चदाब जाळ्यातून येते ते सामाईक आहे. अंधेरी पूर्वेच्या चांदिवलीत जशी विदाकेंद्रे आहेत, तशीच मुलुंडच्या खाडीपुलापलीकडे ऐरोलीतही आहेत. नकाशावर ती दोन ठिकाणे होत. त्या सकाळच्या हिशेबाने ते एकच संकटक्षेत्र होते, आणि अशा वेळी खरा आधार केंद्रातील जनित्रांचा आणि त्यांच्या इंधनसाठ्याचा असतो.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, विभागाची सीमा अंतराने ठरत नाही; काय सामाईक आहे यावरून ठरते. पाणी, वीज, जाळ्याची तार आणि शीतनाची व्यवस्था यांपैकी प्रत्येकाचा नकाशा निराळा असतो. विन्यासपत्रात ‘विभाग’ हा एक शब्द लिहिण्यापूर्वी हे नकाशे एकावर एक ठेवून पाहणे, हे अभ्यासकाचे काम आहे. मोठे सेवापुरवठादार हे काम ग्राहकासाठी करून ठेवतात. ॲमेझॉनच्या मुंबई क्षेत्राचा प्रारंभ २०१६ मध्ये दोन विभागांनी झाला आणि २०१९ मध्ये तिसऱ्याची भर पडली.

तिसऱ्या विभागाचे महत्त्व केवळ एका वाढीव जागेचे नाही. अपेक्षित स्थिती जेथे नोंदलेली असते ते एट-सी-डी भांडार बहुमताच्या तत्त्वावर चालते. तीन सदस्यांपैकी एक गेला तरी चालते. दोन गेले तर नवी नोंद थांबते. दोनच ठिकाणे असतील तर तीन सदस्यांपैकी दोघांना एकत्र राहावेच लागते, आणि ते ठिकाण गेले की बहुमत जाते. अशा वेळी चालू पॉड चालत राहतात. परंतु मेलेल्याची जागा कोणी घेत नाही.

मग विभाग शक्य तितके दूर का ठेवू नयेत? कारण भांडाराच्या सदस्यांना प्रत्येक नोंदीसाठी परस्परांचा होकार लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अंधेरी ते मुलुंड ही पंधरा-एक किलोमीटरची वाट त्यास एका सहस्रांश सेकंदाचा दशांशही घेत नाही. हैदराबादपर्यंतच्या सहाशेहून अधिक किलोमीटरांना जाण्या-येण्यास निदान सहा सहस्रांश सेकंद लागतात, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. म्हणून एक यंत्रसमूह एका शहराच्या परिसरात ठेवावा आणि शहरव्यापी संकटासाठी दुसऱ्या शहरात दुसरा स्वतंत्र यंत्रसमूह ठेवावा, ही पद्धत सामान्यतः स्वीकारली जाते. जवळीक नियमनास सोयीची आणि दूरत्व सुरक्षिततेस, असा हा पेच आहे. त्यातून सुटका नाही; निवड करावी लागते.

विखुरण्याच्या नियमातही दोन बारकावे आहेत. पहिला क्षमतेचा. भार पेलण्यास सहा पॉड लागत असतील आणि ते तीन विभागांत दोन-दोन असतील, तर एक विभाग गेल्यावर उरलेले चार तो भार पेलणार नाहीत. सहा उरावयास हवे असतील तर नऊ ठेवावे लागतात. दुसरा बारकावा नियमाच्या कडकपणाचा. ‘विभागांतील संख्यांत एकाहून अधिक फरक नको’ हा नियम अनुल्लंघनीय म्हणून लिहिला, तर एक विभाग निकामी झाल्यावर बदली पॉड उरलेल्या दोन विभागांत ठेवणे हाच नियमभंग ठरू शकतो, आणि ते प्रतीक्षेत अडकतात. ज्या संकटासाठी नियम लिहिला, त्याच संकटात तो आडवा येतो. बहुतेक सेवांसाठी हा नियम ‘शक्यतो पाळावा’ या स्वरूपात लिहिणे हितावह असते.

८. उपसंहार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई विद्यापीठाच्या नियोजित ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. विदाकेंद्रातील यंत्रे जनित्रांवर चालू ठेवता येतात. पण बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या घरात परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याकडे वीज नव्हती, आणि त्याच्या अडचणीची नोंद कोणत्याही नियंत्रकाच्या ‘प्रत्यक्ष स्थिती’त होत नाही. सर्व पॉड सज्ज, सर्व तपासण्या होकारार्थी, आणि तरीही परीक्षा अशक्य, अशी अवस्था संभवते. त्या दिवशी योग्य ठरलेला उपाय, म्हणजे परीक्षेची तारीख बदलणे, हा विन्यासपत्राबाहेरचाच होता.

कंटेनर-समूहांचे नियमन करणाऱ्या व्यवस्थेने देखभालीतील पुष्कळसे कष्ट कमी केले आहेत, हे निर्विवाद आहे. मेलेला पॉड पुन्हा उभा करण्यासाठी आता कोणास रात्री उठावे लागत नाही. तथापि हे कष्ट नाहीसे झालेले नाहीत. ते आधीच्या टप्प्यावर, विन्यासपत्राच्या लेखनात, गेले आहेत. मागणी किती, किमान संख्या किती, तपासणीत काय विचारावे, कोणत्या दोन जागा खरोखर वेगळ्या, या प्रश्नांची उत्तरे मोजणीने, भाराच्या चाचणीने आणि स्थानिक परिस्थितीच्या अभ्यासाने मिळवावी लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळताना प्रथम एका लहान यंत्रसमूहावर आपली सेवा चालवावी, आणि मग तिचा एकेक आधार स्वतः काढून घेऊन काय होते ते पाहावे : एक पॉड, मग एक यंत्र, मग एक विभाग, आणि शेवटी विदासंग्रह. प्रत्येक वेळी घडले ते आणि घडेल असे वाटले होते ते, अशी दोन्ही लिहून ठेवावीत. त्या दोहोंतील अंतर कमी करण्याचे काम कोणत्याही नियंत्रकाकडे सोपविता येत नाही.